ग्रीस संपलं म्हणजे नक्की काय संपलं?

मागच्या अंकात शेवटच्या पानावर 'पुढच्या वेळी गुडघेदुखी, प्रश्न पाठवा' अशी एक ओळ टाकली होती, त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले मॅडम अख्खा अंकच गुडघ्याचा काढूया का. निम्म्या लोकांनी एक्स-रेचा फोटो पाठवलाय, खिडकीसमोर धरून काढलेला, मागे नारळाचं झाड आणि वाळत घातलेला टॉवेल दिसतोय. फोटोवरून मी निदान करत नाही हे आधीच सांगते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, फक्त गाव ठेवलंय.

प्रश्न : मॅडम, वय ५८, दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले ग्रीस संपलंय, गॅप राहिला नाही, ग्रेड ३ आहे, आज ना उद्या ऑपरेशनच. पण माझ्या जाऊबाईंचा एक्स-रे माझ्यापेक्षा खराब आहे असं तेच डॉक्टर म्हणाले आणि त्या तर तीन मजले चढून गच्चीवर पापड घालतात. मग मलाच का दुखतं? कॅल्शियम कमी पडतंय का? (सातारा)

उत्तर : ताई, जाऊबाईंचं सांगितलंत ते फार बरं केलंत, या दुखण्याची सगळी गंमत तिथेच आहे.

आधी ते ग्रीस. गुडघ्यात वंगणासारखं पाणी असतं हे खरं, पण ते संपत नाही, उलट झिजलेल्या गुडघ्यात बरेचदा ते जास्तच होतं, 'गुडघ्यात पाणी झालंय' म्हणतात ते हेच. पातळ होते ती कूर्चा. घरी मटण होत असेल तर नळीचं टोक जरा निरखून बघा, हाडाच्या टोकाला पांढरट निळसर, ओला, काचेसारखा गुळगुळीत थर असतो, ती कूर्चा. एक्स-रेत ती उमटतच नाही म्हणून तिच्या जागी मोकळी फट दिसते, आणि ती पातळ झाली की वरचं खालचं हाड जवळ आलेलं दिसतं, झालं, 'गॅप गेला'.

आणि कूर्चेत मज्जातंतू नसतात, रक्तवाहिन्याही नसतात. म्हणजे झिजते ती, पण दुखत नाही ती. दुखतं ते तिच्या शेजारपाजारचं, म्हणजे खालचं हाड ज्याच्यावर आता जास्त दाब येतोय, सांध्याचं आतलं अस्तर जे सुजतं, भोवतीची पिशवी जी पाणी भरलं की ताणते, आणि मांडीचे स्नायू जे अशक्त झाल्यामुळे दिवसभर ओढाताण करून दमतात. यातलं कोणाचं काय आणि किती बिघडलंय ते एक्स-रे सांगत नाही. तुमचा तो ग्रेड ३ म्हणजे १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी पाडलेल्या शून्य ते चार अशा पायऱ्यांमधली एक पायरी, त्यात फट किती आणि हाडाचे काटे किती एवढंच बघतात, पेशंटला किती दुखतं हा रकानाच नाही त्यात.

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये शिंप्याची टेप असते. गुडघ्याच्या वाटीपासून वर १५ सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजते, आणि ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो त्या बाजूची मांडी बहुतेक वेळा एक-दोन सेंटीमीटर बारीक निघते. लोक चकित होतात, म्हणतात मांडीचं काय, दुखतोय तर गुडघा. अहो पण पाय टेकताना बसणारा हिसका तो मांडीचा पुढचा स्नायू झेलतो, तो बारीक झाला की हिसका सरळ सांध्यात. दुखतं म्हणून आपण पाय वाचवून चालतो, वाचवला की स्नायू अजून बारीक होतो, मग अजून दुखतं. तुमच्या जाऊबाईंना ते तीन मजले कदाचित त्रास देतही असतील पण वाचवतही तेच असावेत असा माझा अंदाज.

कॅल्शियमचा इथे संबंध नाही. हाडं ठिसूळ होणं हा वेगळा आजार आणि तो फ्रॅक्चर होईपर्यंत सहसा दुखत नाही, ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे तुमच्या या सांध्याच्या झिजेत, तर कूर्चेखालचं हाड उलट घट्ट झालेलं असतं. कारणं म्हणाल तर वय, वजन, घराण्यात असणं, पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये जास्त, आणि जुनी दुखापत, म्हणजे कॉलेजात कबड्डी खेळताना गुडघा मुरगळला होता, महिन्याने बरा झाला म्हणून विसरला, तो पन्नाशीत आठवण करून देतो.

करायचं काय ते लिहिते आणि हे प्लीज वाचून सोडून देऊ नका. पलंगावर पाय लांब करून बसा, टॉवेलची वळकटी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा, वाटी वर सरकल्यासारखी दिसली पाहिजे, पाच ते दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा-पंधरा वेळा, सकाळ संध्याकाळ. आठवड्याभराने खुर्ची घ्या, हात छातीवर बांधून उठा आणि बसा, बसताना धपकन नाही, सावकाश. सुरुवातीला जमलं नाही तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. थोडं दुखेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर चालू ठेवा, नाही आलं तर अर्धं करा, बंद नाही. आठ ते बारा आठवड्यांशिवाय फरक विचारायचा नाही मला. ऑपरेशनचं त्यानंतर बघू.

प्रश्न : वजन ८४ आहे, उंची ५ फूट २ इंच. प्रत्येक डॉक्टर पहिलं वाक्य वजनाचंच टाकतो, अपमान वाटतो. वजनाने खरंच एवढा फरक पडतो का? सासूबाई थंडीत गुडघ्यांसाठी म्हणून डिंकाचे लाडू करतात. (कोल्हापूर)

उत्तर : अपमान वाटतो हे मी समजू शकते, आमची सांगायची पद्धतच वाईट असते, पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत वजनकाट्यावर चढवायचं.

हिशोब सांगते. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो असं मोजून काढलेलं आहे. दिवसाला पाच हजार पावलं म्हणजे एका गुडघ्याची अडीच हजार, गुणिले चार, झाले दहा हजार किलो. एका किलोमागे, एका गुडघ्यावरून, एका दिवसात दहा टन. आदर्श वजनाच्या तक्त्याकडे बघूच नका, ८४ चे ७६ झाले तरी जिना उतरताना कळेल. अमेरिकेत बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं लोकांचा अभ्यास चालू आहे, त्यात ज्या बायकांचं वजन दहा वर्षांत पाचेक किलो उतरलं त्यांच्यात दुखरा गुडघा होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झालेली दिसली. आणि नुसता भारच नाही, चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, म्हणून जाड माणसाच्या बोटांचे सांधेही जास्त दुखतात, आता बोटांवर तर कोणी चालत नाही.

लाडवांचं म्हणाल तर तूप, गूळ, खोबरं, सुकामेवा, चवीला मला पण आवडतात, पण गुडघ्यासाठी म्हणून रोज दोन खाल्ले तर ते गुडघ्यावरच बसणार ना. सासूबाईंचं मन मोडू नका, सणासुदीला एक खा.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक, वय ६७. दोन वर्षं झाली रोज सकाळी एक पेनकिलर घेतो, मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. घेतली की फिरायला जाता येतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि एक लघवीची गोळी चालू आहे. मुलगी म्हणते किडनी जाईल. खरं की उगाच भीती? (नांदेड)

उत्तर : सर, मुलगी बरोबर आहे आणि तुमच्याबाबतीत जरा जास्तच बरोबर आहे. सूज उतरवणारी पेनकिलर, सार्टन किंवा प्रिल गटातली बीपीची गोळी आणि लघवीची गोळी हे तीन एकत्र आले की किडनीला मिळणारा रक्ताचा दाब तिन्ही बाजूंनी कमी होतो, त्यात उन्हाळा, जुलाब, पाणी कमी प्यालं की क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, बघता बघता वर जातं. शिवाय पेनकिलरने बीपीही वाढतं, मग बीपीची गोळी वाढवतात, पेनकिलरचं कोणी विचारतच नाही. बीपीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, बंद करायची ती पेनकिलर. या आठवड्यात क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन करून घ्या, हिमोग्लोबिन यासाठी की या गोळ्यांनी पोटात हळूहळू रक्त जातं आणि शौचाला काळं होतंय हे माणूस सांगत नाही.

गिधाडं का संपली ते तुम्ही शाळेत शिकवलं असेल, डायक्लोफिनॅक ही पेनकिलर दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि किडन्या निकामी होऊन मेली, २००४ मध्ये हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे बंदी आली. माणूस गिधाडाएवढा नाजूक नाही म्हणून माणसांसाठी ते अजून चालू आहे, पण गोळी तीच आणि अवयवही तोच.

तुम्ही डायक्लोफिनॅकचं जेल वापरा. गुडघा आणि हाताची बोटं हे सांधे कातडीच्या जवळ आहेत, तिथे जेलचा उपयोग होतो आणि रक्तात फार थोडं जातं, पण तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना सांगून सुरू करा. लोक काय करतात तर वाटाण्याएवढं घेतात, खूप दुखेल त्या दिवशी चोळतात आणि म्हणतात काही फरक नाही. पत्रकावर लिहिलेल्या मापाने दिवसातून तीन-चार वेळा, सलग दोन आठवडे लावायचं, आणि लावून वर शेकायचं नाही. नुसत्या पॅरासिटामॉलचा गुडघ्याला फारसा उपयोग होत नाही असंच आता दिसतंय. आणि घरातली पाकिटं एकदा मुलीला वाचायला द्या, नाव वेगळं आणि आत औषध तेच असं हमखास असतं, एकाकडे तर तीन डॉक्टरांनी दिलेलं तीन नावांचं अ‍ॅसिक्लोफिनॅक, म्हणजे एकच पेनकिलर, एकाच डब्यात सापडलं होतं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई डोंबिवलीला. दर वेळी येताना ग्लुकोसामाइनच्या, म्हणजे सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या गोळ्यांच्या, मोठ्या बाटल्या आणतो. आता डोंबिवलीतले एक डॉक्टर पीआरपीची तीन इंजेक्शनं सुचवतायत, कूर्चा परत येईल म्हणतात. शिवाय दुर्बिणीतून साफ करून घ्या असंही कोणीतरी सांगितलं. काय करू? (न्यू जर्सी)

उत्तर : बॅगेत त्या बाटल्यांच्या जागी आईला आवडेल ते काहीतरी आण रे. ग्लुकोसामाइनची तुमच्याच देशात मोठी चाचणी झाली, दीड हजारांहून जास्त पेशंट, २००६ मध्ये निकाल आला, एकूण पेशंटमध्ये ते आत औषधच नसलेल्या बनावट गोळीपेक्षा काही सरस ठरलं नाही. मला त्यातली मजेशीर वाटते ती गोष्ट म्हणजे बनावट गोळी घेतलेल्या शंभरातल्या साठ जणांनाही बरं वाटलं. म्हणून 'मला फरक पडला' असं आई म्हणाली तर ती खोटं बोलत नाहीये. नुकसान विशेष नाही, पैसे जातात.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचायचा. ऐकायला छान आहे. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर करून बघितलं, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं, २०२१ मध्ये निकाल आला, वर्षानंतर दुखण्यात आणि कूर्चेत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. गेलेली कूर्चा परत आणणारं इंजेक्शन आज कोणाकडेही नाही, तसं सांगणाऱ्याला लेखी द्या म्हणा. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने मात्र पटकन आराम पडतो, पण काही आठवड्यांपुरता. घरात लग्न आहे आणि गुडघा टम्म सुजलाय अशा वेळी मी ते देते. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन बघितलं तेव्हा कूर्चा सलाइनवाल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखणं सारखंच राहिलं, हे २०१७ चं.

दुर्बिणीतून साफ करायचं तर अजिबात नको. ह्यूस्टनमध्ये १८० पेशंटवर प्रयोग झाला होता, काहींचं खरंच ऑपरेशन केलं आणि काहींना नुसते कातडीवर छेद देऊन टाके घातले, कोणाला काय केलं ते सांगितलं नाही. २००२ मध्ये निकाल छापून आला, दोन वर्षांनी सगळे सारखेच. तरी आपल्याकडे 'साफसफाई' चालूच आहे. गुडघा मध्येच अडकून बसत असेल, सरळच होत नसेल तर ती गोष्ट वेगळी.

आईला एक चांगला फिजिओ लावून दे, घरी येणारा, तीन महिने. आणि व्हिडिओ कॉलवर जेवलीस का विचारतोस तसं खुर्चीवरून किती वेळा उठलीस तेही विचार.

प्रश्न : वय ६६, माउलींच्या पालखीसोबत २२ वर्षं वारी केली. यंदा दोन्ही गुडघे दुखतायत, मुलगा म्हणतो गाडीने पंढरपूरला सोडतो. चालू की नको? (आळेफाटा)

उत्तर : माउली, तुमच्या मुलाने मला फोन करू नये म्हणून प्रार्थना करते, कारण मी चाला म्हणणार आहे. चालण्याने गुडघा झिजत नाही. कूर्चेला रक्त मिळत नाही, ती स्पंजसारखी दाबली आणि सोडली की तेवढं तिचं पोषण होतं, म्हणजे तिला चालणं लागतंच. पण वर्षभर ओट्यावर बसून एकदम आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, हे मात्र नाही.

गुढीपाडव्याला सुरुवात करा. पहिले पंधरा दिवस रोज दोन किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत निघायच्या आधी सलग दोन दिवस बारा-बारा किलोमीटर जमायला हवं, आणि ज्या चपला-बुटात वारी करणार त्याच घालून, ऐन वेळी नवे नाहीत. वर साताऱ्याच्या ताईंना सांगितलेले व्यायाम तुम्हालाही. पुणे ते सासवडचा टप्पा तीसएक किलोमीटरचा आणि मध्ये दिवे घाट, तो दिवस अर्धा दिंडीच्या ट्रकमध्ये बसून काढलात तर माउली रागावणार नाहीत. काठी घ्या, आणि जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. सगळे उलटं करतात, दुखऱ्याच बाजूला धरतात, सिनेमातसुद्धा तसंच दाखवतात. मुक्कामी गुडघा गरम आणि सुजलेला वाटला तर बर्फ किंवा गार पाण्याचं फडकं, नुसता आखडला असेल तर शेक. वाटेत सेवेकरी डॉक्टर पेनकिलर देतात, ती उन्हातान्हात पाणी न पिता रोज घेऊ नका, नांदेडच्या सरांना लिहिलंय ते वाचा. आणि पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली किंवा तापासोबत गुडघा लालबुंद झाला तर त्याच दिवशी दवाखाना, ते वाताचं दुखणं नसतं.

प्रश्न : लावणी आणि खुरपणीचं काम, दिवसभर उकिडवं बसून. वय ४९. डॉक्टर म्हणतात खाली बसू नका. मग खायचं काय? (माणगाव)

उत्तर : असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरला एक दिवस शेतावर न्यायला पाहिजे, माझ्यासकट. खुरपणीला चार-सहा इंचाचा पाट कमरेला दोरीने बांधून घ्या, उठलात तरी तो सोबत येतो, गुडघा पूर्ण दुमडायचा वाचतो. खुरप्याला लांब दांडा बसवून मिळतो, उभ्याने जेवढं होईल तेवढं उभ्याने. दर अर्ध्या तासाला बांधाला एक फेरी. घरी तरी कमोड करून घ्या, नाहीतर प्लास्टिकची कमोड-खुर्ची मिळते ती ठेवा, दिवसातलं एक उकिडवं बसणं तिथे वाचेल.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, पाय फेंगडे झालेत, फाटकापर्यंतही जात नाही, रात्री दुखून उठते. सगळं करून झालं, व्यायाम पण वर्षभर केला. दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत. खर्च, टिकणं, आणि देवघरात खाली बसता येईल का? (अमरावती)

उत्तर : मग करा. इतका वेळ मी ऑपरेशन नको नको म्हणत होते पण ते अशा पेशंटसाठीच आहे. रात्रीची झोप गेली, घराबाहेर पडणं बंद झालं आणि बाकीचं मनापासून करून झालं, यापुढे थांबण्यात शहाणपण नाही, उशीर झाला की मांडी इतकी सुकते की नवा गुडघाही नीट चालवत नाही.

आपल्याकडे हे ऑपरेशन घराघरात माहीत झालं ते वाजपेयींमुळे, पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे मुंबईत ब्रीच कँडीला बदलले, ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. त्यानंतर कित्येक वर्षं लोक ओपीडीत 'ते वाजपेयींचं ऑपरेशन' असंच म्हणायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आणला, त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. तेव्हा बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून मागा, त्याचं स्टिकरही फाइलला लावून घ्या. हॉस्पिटलचा बाकीचा खर्च शहराप्रमाणे बदलतो. पॉलिसी नवीन असेल तर सांधा बदलण्याला बहुतेक कंपन्यांचा वेटिंग पिरियड असतो, आधी विचारा.

टिकायचं म्हणाल तर शंभरातले ऐंशीच्या वर गुडघे २५ वर्षं टिकतात, आईच्या बाबतीत एवढं पुरे. पण पाचातला एखादा पेशंट नंतरही पूर्ण खूश नसतो हे ऑपरेशनआधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिले दोन महिने गुडघा वाकवायचा व्यायाम रडवतो, तेव्हा घरातलं कोणीतरी ठाम हवं, 'जाऊ दे आज नको' म्हणणारी सून किंवा मुलगा कामाचा नाही. खाली मांडी घालून बसणं सोडावं लागेल असंच धरून चाला. देवघर ओट्याच्या उंचीवर घ्या, समोर खुर्ची ठेवा. हे काम ऑपरेशनच्या आधीच सुताराकडून करून घ्या, घरी आल्यावर त्या खाली बसायला बघणारच.

प्रश्न : सासूबाई रुईची पानं तव्यावर गरम करून तेल लावून गुडघ्याला बांधतात. चालेल का? मी काही बोलले की म्हणतात तुम्हाला काय कळतं. (सोलापूर)

उत्तर : चालेल, बांधू दे. शेक बसतो, बरं वाटतं, सून आजूबाजूला असते. फक्त पान तोडताना निघणारा पांढरा चीक कातडीला लागला तर भाजल्यासारखं होतं आणि डोळ्यात गेला तर डोळा बिघडू शकतो, म्हणून पानं तुम्ही तोडून धुऊन द्या आणि नंतर साबणाने हात धुवा. शुगर असेल तर पान किती गरम आहे ते आधी तुमच्या हातावर बघा, त्यांना चटका कळणार नाही.